टँकरभर लस

२०१९च्या पशुगणनेत देशातल्या भटक्या कुत्र्यांचा आकडा निघाला सुमारे १ कोटी ५३ लाख. पाळीव कुत्री यात नाहीत. रेबीज रोखायचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने त्यातल्या ७० टक्क्यांना लस हवी, म्हणजे १ कोटी ७ लाखांना. आता गंमत बघा. कुत्रं ग्रेट डेन असो की गल्लीतलं मरतुकडं, डोस तोच, १ मिलिलिटर. सगळ्या डोसांची बेरीज केली तर भरते १०,७०० लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो पाण्याचा एक टँकर!

लस टँकरात मावते. घोडं अडतं ते टोचण्यात. वर्षभरात काम उरकायचं तर दिवसाला २९ हजार कुत्री, म्हणजे रात्रंदिवस दर तीन सेकंदांना एक. बरं, ही मंडळी काही दंड पुढे करून रांगेत उभी राहत नाहीत. गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या लोकांना हातजाळी घेऊन त्यांच्यामागे गावोगाव धावावं लागलं. जाळी टाकायची, सुई टोचायची, रंगाची खूण करायची, मोबाइलवर ठिकाण नोंदवायचं आणि सोडून द्यायचं. वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्री! काही वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

पण हे ७० आले कुठून? पिसाळलेलं एक कुत्रं सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतं. या गणिताने निम्म्यांना लस टोचली तरी भागायला हवं. मग वरचे वीस टक्के कशाला? गळतीसाठी. रस्त्यावरची कुत्री लवकर मरतात, नवी पिल्लं जन्मतात, टोचलेल्यांचीही प्रतिकारशक्ती ओसरत जाते. गेल्या वर्षीचे ७० टक्के यंदा ७० उरत नाहीत, म्हणून दरवर्षी पुन्हा सगळा खटाटोप. रेबीजच्या आकड्यांत मला ही गळतीच सर्वांत दुर्लक्षित वाटते.

घरच्या कुत्र्याला तरी ती कुठे चुकली आहे? त्याच्या पुस्तिकेत लशीच्या बाटलीवरचं इवलंसं लेबल चिकटवलेलं असतं, शेजारी डॉक्टरांची सही आणि पुढची तारीख. पहिलं इंजेक्शन तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, पुढे आपल्याकडे दरवर्षी. पहिली दोन कौतुकाने होतात. चौथ्या-पाचव्या वर्षी तारीख कधी उलटली ते कळतही नाही. ‘आमचा टॉमी बाहेर जातच नाही’ हे ठरलेलं उत्तर. पण ही ढिलाई परवडणारी नाही. २०२४मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या, त्यातल्या ४ लाख ८५ हजार महाराष्ट्रातल्या. जगात रेबीजने वर्षाला अंदाजे ५९ हजार माणसं दगावतात आणि एकदा लक्षणं दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही.

तेव्हा ती पुस्तिका काढून तारीख बघाच. उलटून गेली असेल तर २८ सप्टेंबरच्या, रेबीज दिनाच्या मोफत शिबिराची वाट बघू नका. टॉमीला उद्याच दवाखान्यात न्या.