अन्याय सोसू नका, कायदा समजून घ्या

जातीवरून शिवी ऐकून मुकाट्याने घरी परतणारा माणूस आपल्या वर्धा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आजही आहे. ज्याच्या शेतात उद्या कापूस वेचायला जायचे, त्याच्याविरुद्ध ठाण्यात कसे जावे, हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून अॅट्रॉसिटी कायदा सोप्या भाषेत सांगावा, असे आम्हाला वाटले.

याच जिल्ह्यात १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. आणि याच जिल्ह्यात, आर्वीला, जून २०१९ मध्ये मंदिराच्या आवारात चोरीच्या संशयावरून एका लहान दलित मुलाला उघडे करून तापलेल्या फरशीवर बसविल्याची फिर्याद झाली. अॅट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला गेला व आरोपीला अटक झाली. फिर्याद झाली म्हणूनच हे घडले.

हा कायदा १९८९ चा. ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच वर्षी बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींत मान्यता मिळाली. त्यामुळे धम्म स्वीकारल्याने संरक्षण जाते, ही समजूत खोटी आहे. मात्र जातीचा दाखला घरात तयार ठेवा.

लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ वा अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद व दंड आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या अपमानास हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. म्हणून कोण कोण हजर होते, त्यांची नावे लगेच लिहून ठेवावीत. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, घालण्याची धमकी देणे हाही गुन्हाच आहे. कामावरून काढण्याची भीती घालणाऱ्याला हे सांगता आले पाहिजे.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटीचे कलम न्यायालयात टिकले नाही. त्या वेळी 'जातीच्या कारणावरून' गुन्हा झाला, हे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते बदलले. दहा वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा पीडिताची जात माहीत असताना केला, तर जन्मठेप होते. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल, तर जात ठाऊक होती असेच न्यायालय गृहीत धरते. नव्हती, हे त्याने दाखवावे.

ठाण्यात फिर्याद वाचून दाखविल्याशिवाय सही वा अंगठा करू नये. नोंदीची प्रत मोफत मिळते. नोंद घेतली नाही तर तीच फिर्याद लेखी करून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावी. अधिकाऱ्याने जाणूनबुजून कर्तव्य टाळले तर त्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

मदत हा पीडिताचा हक्क आहे, उपकार नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अपमानाच्या गुन्ह्यात एक लाख रुपये ठरले : पाव रक्कम गुन्हा नोंदल्यावर, निम्मी दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेली शिक्षा झाल्यावर. खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाख रुपये. साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता मिळतो. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. मदतीसाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज करावा.

पुष्कळदा खटला साक्षीदार फिरल्यामुळे पडतो. गावची मंडळी 'मिटवून घ्या' म्हणतात, चार पैसे देऊ करतात, आणि फिर्यादी एकटा पडतो. म्हणून एकाच्या घरावर आलेले संकट साऱ्या वस्तीने आपले मानावे. तारखेला त्याच्यासोबत दोन माणसे तरी जावीत. शिकलेल्या मुलामुलींनी हा लेख आईवडिलांना वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.