‘डिलॅपिडेटेड’ कुठे लिहावे, कुठे नाही?

चारकोपची वसाहत आता वयात आली आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने इथे रस्ते, पाणी आणि सांडपाण्याची सोय करून लहान लहान भूखंड आखले. लोकांनी सहकारी सोसायट्या करून त्यावर ऐपतीप्रमाणे घरे उभी केली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींनाही आता तीन-साडेतीन दशके होत आली. साहजिकच दुरुस्ती आणि पुनर्विकासाचे ठराव, अर्ज, विनंतीपत्रे लिहिली जाऊ लागली आणि त्यांत ‘डिलॅपिडेटेड’ हे इंग्रजी विशेषण हमखास दिसू लागले. शब्द चांगला आहे, नेमकाही आहे. पण तो चुकीच्या जागी पडला, तर पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वेगळेच चित्र दिसते. म्हणून त्याभोवतीचे गैरसमज एकदा दूर करायला हवेत.

गैरसमज १ : स्पेलिंगची सुरुवात ‘डी-ई’ने होते.

वस्तुस्थिती : सुरुवात ‘डी-आय’ने होते. ‘डिमॉलिश’, ‘डिस्ट्रॉय’ हे शब्द ‘डी-ई’ने सुरू होतात, म्हणून हात तिकडे वळतो. उच्चारात जोर ‘लॅप’वर द्यायचा.

गैरसमज २ : या शब्दात दगड आहे, म्हणून तो दगडी बांधकामालाच लागतो.

वस्तुस्थिती : मुळात दगड आहे हे खरे. लॅटिनमध्ये ‘लापिस’ म्हणजे दगड. त्यावरून आलेल्या क्रियापदाचा अर्थ उधळणे, वाया घालवणे असा होता. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे. चर्चच्या मालमत्तेची निगा न राखणाऱ्या धर्मगुरूंवर ‘डिलॅपिडेशन्स’चा ठपका येई. इंग्लंडमध्ये भाडेकरार संपताना भाडेकरूने करायच्या दुरुस्तीला आजही हेच नाव आहे. म्हणजे या शब्दाचा गाभा दगड नसून हयगय आहे. वर्षानुवर्षे लक्ष न दिल्यामुळे आलेली दुरवस्था तो सांगतो. त्यामुळे आरसीसीच्या इमारतीला, लाकडी जिन्याला, पत्र्याच्या शेडलाही तो चालतो.

गैरसमज ३ : काहीही मोडले की ते डिलॅपिडेटेड.

वस्तुस्थिती : काल रात्री झाड पडून कंपाउंडची भिंत कोसळली, तर ती ‘डॅमेज्ड’. दहा-पंधरा पावसाळे गिलावा न केल्यामुळे भिंत फुगून विटा दिसू लागल्या, तर ती ‘डिलॅपिडेटेड’. अपघाताला पहिला शब्द, काळ आणि दुर्लक्ष यांना दुसरा. विम्याच्या दाव्यात ही सरमिसळ महागात पडू शकते. नुकसान एका घटनेने झाले असेल आणि पत्रात ‘डिलॅपिडेटेड’ लिहिले, तर दुरवस्था आधीपासूनच होती असा अर्थ निघतो.

गैरसमज ४ : हे विशेषण कशालाही जोडता येते.

वस्तुस्थिती : इमारत, घर, जिना, शेड, फर्निचर, वाहन यांच्याशी त्याचे जमते. माणसाशी जमत नाही. ‘डिलॅपिडेटेड सीनियर सिटिझन्स’ असे लिहिणे चूक आहे आणि अपमानकारकही. वयाने थकलेल्या माणसासाठी ‘फ्रेल’ आहे. प्रकृतीसाठी ‘पूअर हेल्थ’ पुरते. खड्डे पडलेल्या रस्त्यासाठी ‘पॉटहोल्ड’ जास्त नेमका.

गैरसमज ५ : ‘द बिल्डिंग डिलॅपिडेटेड ड्यू टू रेन्स’ हे वाक्य बरोबर आहे.

वस्तुस्थिती : शेवटी ‘एड’ आहे म्हणून तो भूतकाळ वाटतो, पण आजच्या इंग्रजीत तो विशेषण म्हणूनच वावरतो. त्याला आधार देणारे क्रियापद लागते : ‘द बिल्डिंग इज डिलॅपिडेटेड’ किंवा ‘द बिल्डिंग हॅज बिकम डिलॅपिडेटेड’. नामाआधीही तो बसतो : ‘अ डिलॅपिडेटेड स्टेअरकेस’. ‘इन अ डिलॅपिडेटेड कंडिशन’ ही रचनाही शुद्ध आहे. तुलना करायची तर आधी ‘मोअर’ लावावा.

गैरसमज ६ : ‘डिलॅपिडेटेड’ आणि ‘डेंजरस’ एकच.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त जपायला हवे ते इथे. मोडकळीस आलेली इमारत धोकादायक असू शकते, पण असेलच असे नाही. उलट बाहेरून नवा रंग दिलेल्या इमारतीत आतल्या सळ्या गंजलेल्या असू शकतात. चारकोपसारख्या खाडीजवळच्या भागात खारी हवा हे गंजाचे एक कारणच असते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे जातात, मग स्लॅबचे पोपडे पडतात.

धोका ठरवतात तो तपासणीने. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ-सेल पोटेन्शियल अशा चाचण्या असतात. अहवालावरून इमारत एका प्रवर्गात बसते. सी-१ म्हणजे रिकामी करून तातडीने पाडायची. सी-२ ए म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२ बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दोन अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते.

यातला सी-१ हा शिक्का घर सोडायला लावतो. म्हणून रहिवाशांनी स्वतःच्या अंदाजाने ‘एक्स्ट्रीमली डेंजरस अँड डिलॅपिडेटेड’ लिहू नये, आणि कुणी लिहून आणलेल्या अशा मसुद्यावर अहवाल न वाचता सही तर मुळीच करू नये. एका विशेषणावर शेजाऱ्यांचा निवारा अवलंबून असू शकतो.

गैरसमज ७ : अवघड इंग्रजी शब्दाने अर्जाला वजन येते.

वस्तुस्थिती : वजन येते ते तपशिलाने. पालिकेला मराठीत लिहायला कसलीही आडकाठी नाही. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी बंधनकारक करणारा कायदा राज्याने २०२२ मध्ये केला आहे. ‘मोडकळीस आलेली’ हे शब्द तितकेच नेमके आहेत आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला कळतात. ज्या ठरावावर सर्वांच्या सह्या हव्यात, तो सर्वांना समजायलाच हवा.

इंग्रजीतच लिहायचे असेल, तर तीन वाक्यांचा क्रम ठेवावा. पहिल्यात वर्णन : ‘द स्टेअरकेस ऑफ बी विंग इज डिलॅपिडेटेड’. दुसऱ्यात डोळ्यांना दिसणारा पुरावा : कोणत्या मजल्यावर सळ्या उघड्या पडल्या, केव्हापासून, फोटो कोणत्या तारखेचे. तिसऱ्यात अभियंत्याच्या अहवालाचा क्रमांक, तारीख आणि प्रवर्ग. अहवाल अजून आला नसेल, तर तिसऱ्या वाक्यात तपासणीची मागणी करावी आणि ‘डेंजरस’ हा शब्द अहवाल हाती येईपर्यंत राखून ठेवावा.