मुलाचा ताबा आणि त्रयस्थ तज्ज्ञ

१८९० साली पालक आणि पाल्य अधिनियम संमत झाला, तेव्हा कलकत्ता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. अज्ञान बालकाचे हित पाहून पालक नेमावा, असे त्या अधिनियमाने सांगितले. परंतु ते हित जाणावे कसे? आईवडील आपापलीच बाजू मांडणार. म्हणून त्रयस्थाकडून अहवाल मागविण्याची तरतूद त्यात होती. मात्र हा त्रयस्थ म्हणजे जिल्हाधिकारी किंवा कनिष्ठ न्यायालय. मालमत्तेची चौकशी त्यांना साधत असे. बालमनाचा ठाव घेणे हे वेगळे काम.

याच शहरात १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. पुढे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने अशा जाणकारांना न्यायालयाचे दार उघडून दिले. त्यानुसार कोलकात्यातील कौटुंबिक न्यायालयही समुपदेशकाचे, वैद्यकीय तज्ज्ञाचे वा कुटुंबकल्याणाचे कार्य करणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेऊ शकते. तज्ज्ञ मुलाशी बोलतो, ते कोणाजवळ निर्धास्त असते हे पाहतो. त्याचे मत साहाय्यापुरते, निर्णय न्यायाधीशाचाच.

तथापि येथे एक पेच उद्भवतो. मध्यस्थीतील बोलणे एरवी गोपनीय असते; पण ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल न्यायालयास विचारात घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. म्हणजे मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आईवडिलांपर्यंतही पोहोचू शकते. म्हणूनच आपले बोलणे कोठवर जाईल, हे मुलाला समजेल अशा शब्दांत आधीच सांगणे, हे तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य होय.