रझांचा बिंदू उशिरा का आला?

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातील सावरगावसारख्या मराठी गावातून चित्रकला शिकायला निघणाऱ्याला जवळचे मोठे शहर म्हणजे नागपूर. मध्य प्रदेशातच जन्मलेले सय्यद हैदर रझाही १९३९ साली तेथील कलाशाळेत दाखल झाले. पुढे मुंबईचे जे. जे. आणि १९५० पासून पॅरिस. (आपल्या साळगावच्या सोझांसमवेत १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारणारे हेच रझा.)

जे. जे.चे शिक्षण आटोपल्यावर, १९४८ मध्ये काश्मिरात, छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांच्या चित्रांत रचनेचा पाया नसल्याचे सुनावले व सेझान अभ्यासण्यास सांगितले. रझांनी ते मनावर घेतले. पदविकेनंतरचे खरे शिक्षण येथूनच सुरू झाले, असे म्हणावेसे वाटते.

शैलीचा विचार करताना माध्यमाचा विसर पडतो. तैलरंगातील तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणूनच वरच्या थरात खालच्यापेक्षा अधिक तेल हवे, अन्यथा भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिकमधील पाणी उडाले की थर काही मिनिटांतच वाळतो. ओल्या रंगात रंग मिसळण्याची मुभा आटते, पण कडा नेमकी येते.

१९६२ मध्ये बर्कलीत अध्यापन करताना रझांना अ‍ॅक्रिलिकची ओळख झाली आणि हळूहळू तैलरंग मागे पडला. निसर्गचित्रे विरघळत भूमिती उरली. बिंदू केंद्रस्थानी आला तो १९८०च्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर. त्याचे मूळ मात्र मंडला जिल्ह्यातील ककैयाच्या शाळेत होते: चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या एका ठिपक्यात.