मेदाचा कारभार

पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, तेव्हां दूरदूरच्या तांड्यांतून सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला माणसें लोटतात. त्या गर्दींत एखादा सडसडीत अंगाचा, उन्हानें रापलेला शेतकरी पाहून कोणीही म्हणेल कीं, मधुमेह ह्याच्या वाटेला जाणार नाहीं. मधुमेह हा लठ्ठ व बैठ्या लोकांचा रोग, ही समजूत घरोघरीं पक्की बसली आहे. आणि ती अर्धीच खरी आहे.

उरलेलें अर्धें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं दाखवून दिलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक डॉक्टर काढतात, तो दोघांचा एकच, २२.३. परंतु देहांतील मेद मोजला, तेव्हां युडकिन ह्यांचा शेंकडा ९.१ भरला आणि याज्ञिकांचा शेंकडा २१.२! तराजूला हा भेद कळत नाहीं; मांस आणि मेद तो एकाच भावानें जोखतो.

ह्या भेदाचें मूळ जन्मापूर्वीं शोधावें लागतें. पुण्याजवळच्या सहा गांवांतील गर्भवती स्त्रियांची पाहणी १९९३ मध्यें सुरू झाली. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आपलें मूल स्नायूंनीं फारच उणें. पाठीच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानानें थोडाच घटलेला. दिसावयास कृश, आंतून मेदस्वी!

मेद म्हणजे निव्वळ तुपाची बुधली, असें आतां कोणी मानीत नाहीं. भूक आवरण्याचा संदेश मेंदूस देणारें लेप्टिन मेदपेशींतच तयार होतें, हें १९९४ सालीं उघड झालें. जनुकांचा ग्रंथ प्रत्येक पेशींत बहुतेक तोच असतो. कोणतीं पानें उघडीं ठेवावयाचीं, हें ज्या त्या अवयवांत निराळें ठरतें. के. एल. एफ. १४ ह्या जनुकाचीच गोष्ट घ्या. मेदांतील इतर कित्येक जनुकांवर त्याची हुकमत चालते, असें २०११ मध्यें आढळलें. त्यांतही नवल असें कीं, ह्याची मातेकडून आलेली प्रतच काम करते, पित्याची मूक असते. ह्याचा अंमल ढिला पडला तर विशेषतः स्त्रियांत मेदपेशी संख्येनें थोड्या पण आकारानें मोठ्या होतात, आणि मेद नितंबांकडून पोटाकडे सरकतो.

अशी तटतटलेली पेशी इन्शुलिनचें ऐकेनाशी होते. तिच्यांतील स्निग्धाम्लें रक्तांत झिरपून यकृतांत व स्नायूंत सांचतात. मग तेही अवयव बहिरे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन गाळून कांहीं काळ वेळ मारून नेतो. तो थकला, कीं रक्तांतील साखर चढूं लागते.

तथापि सारा दोष जनुकांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. गर्भारपणीं ज्या मातांच्या रक्तांत बी-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होतें, त्यांचीं मुलें सहाव्या वर्षींच इन्शुलिनला कमी दाद देत होतीं, असें त्याच गांवांच्या पाहणींत दिसलें. तें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. आईच्या ताटांतलें न्यून असें लेकराच्या देहांत उतरतें. म्हणून २०१२ पासून त्याच मुलांमुलींना ऐन किशोरवयांत, म्हणजे तीं स्वतः आईबाप होण्याच्या पुष्कळ आधीं, बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहण्याचा प्रयोग हातीं घेण्यांत आला.