एक ‘रन’, ६४५ अर्थ

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या इंग्रजीच्या महाकोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेले आहेत. नामाचे अर्थ त्याखेरीज. पीटर गिलिव्हर या कोशकाराला ही एवढी एकच नोंद नव्याने रचायला नऊ महिने लागले. आपल्या मुलांना हा शब्द अगदी खालच्या इयत्तेत भेटतो आणि त्याच्यापुढे मराठीत एकच अर्थ असतो : धावणे. पुढे वर्तमानपत्रात, कार्यालयात, बँकेत हाच शब्द वेगवेगळ्या वेशात समोर आला की चांगली हुशार मुलंही गोंधळतात. हा दोष मुलांचा नाही. ‘धावणे’ हा ‘रन’चा एक अर्थ आहे, पण तो शब्दाचा मूळ गाभा नाही.

कोशातल्या सर्वांत मोठ्या नोंदीचा मान आधी ‘सेट’ या शब्दाकडे होता. कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली, दुसरी १९८९ साली आली. दोन्हींत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’चीच. एकविसाव्या शतकात फेरसंपादन सुरू झालं, तेव्हा आधी ‘मेक’ आणि मग ‘पुट’ पुढे गेले, आणि २०११मध्ये ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. सायमन विंचेस्टर या लेखकाने याचं श्रेय यंत्रयुगाला दिलं. गिरणी, आगगाडी, घड्याळ, मोटार आणि आता संगणकातला प्रोग्राम, ही सगळी इंग्रजीत ‘रन’ होतात.

ते खरंच आहे. पण यंत्रं आली तेव्हा हाच शब्द हाताशी का आला, याचं उत्तर जुनं आहे. हा शब्द जर्मानिक कुळातला. जर्मन भाषेत त्याची दोन भावंडं आजही शेजारी-शेजारी नांदतात : ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे पाझरणे, वाहणे. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळले. म्हणून तिथे नदी ‘रन’ होते, नळ होतो, सर्दीने नाक होतं, धुताना कपड्याचा रंगही होतो. मराठीत नदी वाहते, नळ चालू असतो, नाक गळतं आणि रंग जातो. पायांची हालचाल हा या शब्दाचा एक भाग झाला. एकदा सुरू झालं की न थांबता पुढे जात राहणं, हा त्याचा गाभा. तो पकडला की सुटी वाटणारी उदाहरणं एका माळेत येतात. रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो, म्हणजे त्यावरून आपली नजर पुढे जात राहते. करार पाच वर्षं ‘रन’ होतो, म्हणजे काळात पुढे जात राहतो. एखादा गुण घराण्यात ‘रन’ होतो, तो पिढ्यांमधून पुढे जात राहतो.

इंग्रजीची दुसरी खुबी अशी की क्रियापदाचं रूप न बदलता ती कर्ता बदलते. यंत्र ‘रन’ होतं आणि माणूस यंत्र ‘रन’ करतो. यंत्राच्या जागी दुकान, शाळा, देश ठेवा, वाक्य तेच. मराठीत यासाठी चालणे आणि चालवणे अशी जोडी आहे. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसार चालतो. मराठा मंदिरला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५पासून वर्षानुवर्षं चालला. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘रन’ म्हणेल. माझ्या मते मराठी मुलाला ‘रन’ शिकवताना ‘धावणे’पेक्षा ‘चालणे’ अधिक उपयोगी पडेल.

निवडणुकीत मात्र इंग्रजीचीच दोन घरं होतात. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये परंपरेने तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

बँकेवरचा ‘रन’ याहून गंभीर. बँक बुडणार अशी कुणकुण लागताच सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात. बँकेने ते पैसे कर्जाऊ दिलेले असतात, त्यामुळे एरवी धडधाकट असलेली बँकही या रेट्याने कोसळू शकते. १८६६मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली तेव्हा तिथल्या बँकांवर अशीच झुंबड उडाली. २००७मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या, तेव्हा ब्रिटिशांना १८६६ची आठवण झाली.

आणि क्रिकेट. अठराव्या शतकात धावा लाकडावर खाचा पाडून मोजत, म्हणून धावेला ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. पुढे ‘रन’ रूढ झाला. आता चेंडू सीमापार गेला आणि फलंदाज जागचा हलला नाही, तरी चार ‘रन’ मिळतात. मराठीने हा शब्द फार जिव्हाळ्याने आपलासा केला. बाळ ज. पंडित आणि त्यांच्या पिढीच्या समालोचकांनी धाव, धावचीत, चौकार, षटकार हे शब्द रेडिओवरून घराघरात नेले. ज्या बोलण्यातून ते नेले, त्याला आपण धावतं समालोचन म्हणतो. तेही ‘रनिंग कॉमेंट्री’वरून आलं. विमानतळावरची धावपट्टी याच घडणीची. हे शब्द आता कुणालाही भाषांतरित वाटत नाहीत, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

खरी अडचण येते ती ‘रन’च्या मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांची. ‘रन आउट’ म्हणजे मैदानात धावचीत, तर स्वयंपाकघरात साखर संपणं. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं. हे सुटं पाठ करून साधत नाही. वाक्यातच ऐकावं लागतं, आपल्याकडे ‘लागणे’ ऐकतच कळतं तसं : भूक लागते, दिवा लागतो, घाट लागतो, नोकरी लागते. परक्या माणसाला आपण हे कोष्टक करून शिकवू का?

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्या वर्गात येणारं मूल रिकाम्या हाताने येत नाही. जुनी गाडी घेताना वडील ‘रनिंग किती झालं?’ विचारतात, ते त्याने ऐकलेलं असतं. ओटा करायला आलेला कारागीर रनिंग फुटाचा भाव सांगतो. दादाच्या संगणकावर प्रोग्राम रन होत नसतो. मुंबईतली मुलं तर रनिंगमध्ये लोकल पकडणाऱ्यांना मोठ्यांनी रागावलेलंही ऐकतात. गाडीने कापलेलं अंतर, सलग लांबी, चालू असलेलं काम, सुटलेली गाडी : इतके अर्थ मुलाला घरबसल्या ठाऊक असतात. फळ्यावर ‘रन म्हणजे धावणे’ लिहिण्याआधी वर्गाला एवढंच विचारावं, की हा शब्द तुम्ही कुठे कुठे ऐकलाय, आणि मुलं सांगतील ती वाक्यं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर उतरवावीत.