अ‍ॅमेझॉन पोपटांच्या उपजाती आणि पिवळ्या रंगाचा पुरावा

अमेझोना या प्रजातीतील पोपट मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आणि वेस्ट इंडीजच्या काही बेटांवर आढळतात. भरदार हिरवे अंग, आखूड व चौकोनी शेपटी आणि बहुतेकांच्या पंखांवर उडताना चमकणारा तांबडा पट्टा ही त्यांची सर्वसाधारण ठेवण होय. यांपैकी ज्यांच्या डोक्यावर पिवळा रंग असतो अशा एका समूहाचे वर्गीकरण १७८८ मध्ये ग्मेलिनने पहिले नाव दिल्यापासून वारंवार बदलत आले आहे. १९६६ मध्ये मन्रो आणि हॉवेल यांनी मध्य अमेरिकेतील या पक्ष्यांचा तौलनिक अभ्यास केला, तेव्हा हा सर्व समूह त्यांनी एकच जाती मानला. सांप्रत त्याच्या तीन जाती मानण्याचा प्रघात आहे : ऑक्रोसेफाला, ऑरोपॅलिआटा आणि ओरॅट्रिक्स. प्रत्येकीच्या पुन्हा अनेक उपजाती आहेत.

या नावांची व्युत्पत्ती मोठी मनोरंजक आहे. पहिल्या नावाचा अर्थ ‘फिकट पिवळ्या डोक्याचा’. दुसऱ्याचा ‘सोनेरी उपरणे पांघरलेला’. तिसऱ्याचा, आश्चर्य असे की, ‘वक्तृत्व करणारी स्त्री’. ज्याचा पिवळेपणा बहुधा कपाळ व माथा यांपुरताच असतो त्याला पिवळ्या डोक्याचे नाव मिळाले, आणि ज्याचे सबंध डोके पिवळे त्याची ओळख त्याच्या वाणीवरून झाली. मन्रो-हॉवेल यांनी एका उपजातीला दिलेले ‘पार्विपीस’, म्हणजे ‘लहान पायांची’, हे नाव या सर्वांत गद्य वाटते. पण लक्षण निवडण्याची शहाणी दृष्टी त्याच नावात आहे.

प्रथम पिवळ्या रंगाचा विचार करू. ऑक्रोसेफालाच्या मूळ उपजातीत तो कपाळापासून माथ्यापर्यंत जातो. पनामा व वायव्य कोलंबियातील पॅनामेन्सिस या उपजातीत तो कपाळावरच्या त्रिकोणात आटोपतो आणि त्यामागचा माथा निळसर हिरवा असतो. तर अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी असलेल्या माराझो बेटावरील झँथोलिमाच्या गालांवरही तो पसरतो. ऑरोपॅलिआटाचा माथा हिरवा व मानगूट पिवळी. ओरॅट्रिक्सचे सबंध डोके पिवळे. मेक्सिकोच्या पश्चिमेकडील त्रेस मारियास बेटांवर ती पिवळाई गळ्यावरून छातीकडे उतरते, बेलीझमध्ये मात्र आखडते. होंडुरासमधील सुला खोऱ्यातील उपजातीत माथा व मानगूट दोन्हींवर पिवळे आढळते, म्हणजे ती ओरॅट्रिक्स आणि ऑरोपॅलिआटा यांच्या मधोमध उभी आहे.

हे वर्णन संग्रहालयातील प्रौढ नमुन्यांना चांगले लागू पडते. जिवंत पक्ष्यापुढे ते डळमळते, कारण पिवळा रंग वयाबरोबर वाढतो. ओरॅट्रिक्सचे डोके पूर्ण पिवळे व्हावयास काही वर्षे लागतात. ऑरोपॅलिआटाच्या पिलाची मानगूट आरंभी हिरवीच असते, आणि काही प्रौढ पक्ष्यांच्या कपाळावर पिवळी पिसे उगवून ते पॅनामेन्सिसचा भास करून देतात. याचे कारण पिसाच्या रचनेत सापडते. पोपटाचा हिरवा रंग हा एक रंग नव्हे. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे व तिच्याखालील काळ्या रंगद्रव्यामुळे दिसणारा निळा आणि पोपटांच्या शरीरातच तयार होणारे पिवळे रंगद्रव्य यांचा तो संयोग आहे. काळे द्रव्य तेवढे वजा झाले की पिवळे उघडे पडते. म्हणजे हिरव्याचे पिवळे होण्यास नवे काही निर्माण व्हावे लागत नाही. आहे त्यातले काही गळले तरी पुरे. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८५३ च्या आपल्या प्रवासवृत्तात नोंदविले आहे की, उत्तर अ‍ॅमेझॉनमधील वाउपेस नदीकाठचे लोक पक्ष्यांची पिसे उपटून त्या जागी एका लहान बेडकाचा स्राव लावीत, आणि मग तेथे पिवळी पिसे येत. जे लक्षण मनुष्याच्या हातूनही उत्पन्न होऊ शकते असे मानले जाई, त्यावर वंशावळीचा डोलारा उभारणे धोक्याचेच.

अधिक भरवशाची लक्षणे कमी भडक आहेत. पंखाचा बाक, म्हणजे मिटलेल्या पंखाचा खांद्याजवळचा पुढचा कोन, ऑरोपॅलिआटाच्या मूळ उपजातीत हिरवा असतो. पार्विपीसमध्ये आणि होंडुरासच्या बे बेटांवरील कॅरिबियामध्ये तो तांबडा असतो. ओरॅट्रिक्समध्ये तेथे तांबड्याबरोबर पिवळे मिसळते. चोच तितकीच बोलकी आहे. ओरॅट्रिक्सची चोच शिंगासारखी फिकट. मूळ ऑरोपॅलिआटाची गडद करडी, तर पार्विपीसची त्याहून फिकट. ऑक्रोसेफालाच्या मूळ उपजातीत करड्या चोचीच्या वरच्या भागावर दोन्ही बाजूंस गुलाबी-तांबूस छटा असते. पायांचा आकार मोजपट्टीने पाहावा लागतो, आणि म्हणूनच तो निरीक्षकाच्या लहरीवर अवलंबून नसतो.

तथापि एका लक्षणाने निर्णय होत नाही. बोलींच्या अभ्यासकाला हे नवे नाही : एका उच्चाराची सीमा आखावी, तर दुसऱ्या शब्दाची सीमा भलत्याच गावावरून जाते. उपजाती ही मुळात समूहाची संज्ञा आहे. १९४९ मध्ये डीन अमडॉन यांनी चर्चिलेल्या नियमानुसार, एका समूहातील किमान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या समूहातील जवळजवळ सर्व पक्ष्यांपासून वेगळे ओळखता आले, तर उपजाती मान्य करावी. उरलेल्या चौथाईचे काय, हा प्रश्न नियमाने मोकळाच ठेवला आहे. पिंजऱ्यातला एकटा पक्षी त्या चौथाईतला असेल, तर त्याचे मूळ स्थान ठाऊक असल्यावाचून कोणतेही पुस्तक उपयोगी पडत नाही.

२००४ मध्ये एबरहार्ड आणि बर्मिंगहॅम यांनी मातेकडून येणाऱ्या जनुकद्रव्याची तुलना प्रसिद्ध केली. तीत तीन शाखा निघाल्या : मध्य अमेरिकेची, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागाची आणि त्याहून दक्षिणेची. पॅनामेन्सिस दुसऱ्या शाखेत गेला. निळ्या कपाळाचा एस्टिव्हा, जो कोणी या समूहात सहसा धरीत नसे, तो तिसऱ्या शाखेत मिसळलेला आढळला. मध्य अमेरिकेतील पिवळ्या डोक्याचे आणि पिवळ्या मानगुटीचे पक्षी मात्र इतके निकट निघाले की, नावांप्रमाणे त्यांची विभागणी होईना.

हा वाद केवळ कपाटांतील नमुन्यांचा नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटीस कराराच्या २००२ मधील सांतियागो परिषदेत ऑरोपॅलिआटा आणि ओरॅट्रिक्स यांना पहिल्या परिशिष्टात घालण्याचे ठरले, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा व्यापार निषिद्ध झाला. ऑक्रोसेफाला दुसऱ्या परिशिष्टात राहिला. कपाळावरच्या चार पिवळ्या पिसांचा अर्थ कसा लावायचा, यावर गुन्हा ठरतो. २०२३ मध्ये निकाराग्वातील मानाग्वाहून तैवानकडे निघालेल्या एका प्रवाशाच्या सामानात मायामी विमानतळावर २९ अंडी सापडली. त्यांतील २४ पिले जगली. उघड्या अंगाच्या त्या पिलांवर ना मानगूट होती ना पंखाचा रंग. ती पिवळ्या मानगुटीच्या आणि तांबड्या कपाळाच्या अ‍ॅमेझॉन पोपटांची असल्याचे जनुकपरीक्षेनेच कळले. पण निकाराग्वाच्या पॅसिफिक उतारावर मूळ ऑरोपॅलिआटा राहते आणि ईशान्येकडील मॉस्किटियात पार्विपीस. अशा पिलांना कोणत्या रानात परत सोडावयाचे हे ठरविताना वरील जनुकद्रव्याचा आधार अपुरा पडू शकतो. तेव्हा पिले प्रौढ होऊन पंखाचा बाक तांबडा होतो की हिरवा राहतो, चोच कितपत गडद होते आणि पाय किती भरतात, हे पाहावेच लागते.